वेब डिझाइन शिकताना कोणती सॉफ्टवेअर वापरावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेब डिझाइन शिकायला लागलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. रोख मराठी मजकुराची पानं बनवणाऱ्यांकडे आहे, कारण इंग्रजी पानांसाठी दिलेल्या सल्ल्यात देवनागरीच्या अडचणी येतच नाहीत. इथली जवळपास सगळी साधनं मोफत आहेत. जिथे पैसे लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

सुरुवातीला किती सॉफ्टवेअर लागतात?

चार पुरतात: एक चांगला ब्राउझर, कोड लिहायला एक कोड एडिटर, आराखडा करायला एक डिझाइनचं साधन, आणि फोटो हलके करायला एखादं साधन. बाकी सगळं गरज पडेल तेव्हा घ्या. शिकाऊ माणूस अडतो तो सॉफ्टवेअर कमी पडल्यामुळे नव्हे. दहा ठिकाणी खाती उघडून एकही नीट हाताळलेलं नसतं म्हणून अडतो. या चारांतलं सर्वांत महत्त्वाचं साधन, म्हणजे ब्राउझर, तुमच्या संगणकात आधीपासूनच आहे.

कोड एडिटर कोणता घ्यावा?

व्हिज्युअल स्टुडिओ कोड. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ मध्ये आणला. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर मोफत चालतो. त्यात ‘लाइव्ह सर्व्हर’ हे एक्स्टेन्शन (जोड-साधन) घाला, म्हणजे फाइल सेव्ह केली की ब्राउझरमधलं पान आपोआप ताजं होतं. ‘प्रेटियर’ घातलं की कोडची मांडणी नीटनेटकी राहते. सुरुवातीला एवढी दोनच पुरेत.

‘एमेट’ नावाची सोय या एडिटरमध्ये आधीच असते. रिकाम्या एचटीएमएल (पानाची रचना लिहायची भाषा) फाइलमध्ये नुसतं उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबा, पानाचा अख्खा सांगाडा तयार होतो. त्यात अक्षरं नीट उमटण्यासाठी यूटीएफ-८ ची ओळ असते, मोबाइलच्या रुंदीची ओळ असते. फक्त एक गोष्ट पाहा: सगळ्यात वरच्या एचटीएमएल टॅगमध्ये (कोनी कंसांतल्या खुणेत) भाषा इंग्रजी धरलेली असते. मराठी पान असेल तर तिथला ई-एन काढून एम-आर लिहा. मराठी मजकूर असलेल्या कितीतरी साइट्सवर आजही पानाची भाषा इंग्रजी म्हणूनच नोंदलेली आढळते. त्याचा त्रास अंध वाचकांना होतो. पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ही नोंद बघून आवाज निवडतं, आणि मग मराठी वाक्यं इंग्रजी आवाजाच्या तावडीत सापडतात. हे दुरुस्त करायला दोन अक्षरं बदलावी लागतात, म्हणून ती पहिल्या दिवसापासून बदला. एडिटरच्या सेटिंगमध्ये एमेटची भाषा कायमची मराठी करून ठेवता येते.

लॅपटॉप जुना आहे, रॅम चारच जीबी. चालेल का?

एडिटर चालेल. व्हिज्युअल स्टुडिओ कोडची अधिकृत किमान गरज एक जीबी रॅमची आहे. अडचण येते ती ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडे असताना. काम करताना बाकीचे बंद ठेवा. तरीही मशीन रेंगाळत असेल आणि विंडोज असेल, तर नोटपॅड प्लस प्लस घ्या. २००३ पासूनचं, अगदी हलकं आणि भरवशाचं आहे.

फक्त मोबाइल आहे. त्यावर शिकता येईल?

सुरुवात करता येईल. अँड्रॉइडवर ‘एकोड’ हा मोफत एडिटर आहे, आणि ब्राउझरमध्ये ‘कोडपेन’ उघडून एचटीएमएल आणि सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) यांचे छोटे प्रयोग करता येतात. पण पुढच्या प्रश्नात सांगितलेली गोष्ट मोबाइलवर नीट होत नाही, आणि शिकण्याचा गाभा तीच आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ओळखीच्या कुणाच्या संगणकावर आठवड्यातून काही तास मिळत असतील, तर ते त्यासाठी राखून ठेवा.

‘इन्स्पेक्ट’ दाबल्यावर जे उघडतं, त्याचा डिझायनरला काय उपयोग?

एकच साधन शिकायची मुभा असती, तर मी हेच शिकवलं असतं. क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये एफ-१२ दाबा, किंवा पानावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट निवडा. एका बाजूला पानाचे टॅग दिसतात, शेजारी प्रत्येक घटकाला लागू झालेलं सीएसएस. तिथला कोणताही आकडा बदलून बघता येतो. बदल फक्त तुमच्या पडद्यापुरता असतो, पान पुन्हा लोड केलं की सगळं पूर्ववत होतं. त्यामुळे बिनधास्त बदला.

एक सराव सांगतो. तुम्ही रोज वाचता ती बातम्यांची साइट उघडा आणि मुख्य बातमीच्या मथळ्यावर इन्स्पेक्ट करा. क्रोममध्ये त्या घटकाभोवती रंगीत पट्टे दिसतील: मजकुराचा भाग निळा, आतली मोकळी जागा (पॅडिंग) हिरवी, बाहेरची (मार्जिन) नारिंगी. पॅडिंग आणि मार्जिन यांतला फरक पुस्तकात कितीही वाचला तरी घोटाळा होतो. इथे तो डोळ्यांनी दिसतो. आता अक्षरांचा आकार दोन पिक्सेलने वाढवा आणि मथळा तिसऱ्या ओळीवर जातो का ते बघा. मग ओळींमधलं अंतर कमी करा. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला कुठे भिडतात, ते लगेच कळेल.

त्याच पॅनेलमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एम एकत्र दाबलं की पान मोबाइलच्या रुंदीत दिसतं. ‘नेटवर्क’ टॅबमध्ये इंटरनेटचा वेग मुद्दाम कमी करता येतो. घरच्या वायफायवर झटकन उघडणारं पान गावाकडच्या थकलेल्या नेटवर्कवर कसं उघडेल, हे तिथे कळतं. प्रत्येक पान पूर्ण झालं की ही तपासणी करा. मराठी साइट बघणारे बहुतेकजण ती मोबाइलवरच बघणार आहेत.

आणखी एक कोपरा फारसा कुणी उघडत नाही. क्रोममध्ये ‘कंप्युटेड’ टॅबच्या तळाशी, प्रत्यक्षात कोणता फॉन्ट वापरला गेला ते लिहिलेलं असतं. तुम्ही कोडमध्ये ‘मुक्त’ हा फॉन्ट लिहिलाय आणि तिथे निर्मला यूआय किंवा मंगल दिसतंय, तर तुमचा फॉन्ट पोचलेलाच नाही आणि विंडोजने आपला चिकटवला आहे.

आराखड्यासाठी फिग्मा घ्यावं की फोटोशॉप?

फिग्मा. ते ब्राउझरमध्येच चालतं, मोफत खात्यात शिकण्यापुरतं सगळं मिळतं आणि एकाच फाइलवर दोघं-तिघं एकाच वेळी काम करू शकतात. २०२२ मध्ये अडोबीने ते २० अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं होतं. युरोप आणि ब्रिटनच्या नियामकांच्या हरकतींनंतर २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो व्यवहार सोडून दिला. फिग्मा स्वतंत्र राहिलं याचा शिकणाऱ्यांना फायदाच आहे. मुक्तस्रोत पर्याय हवा असेल तर ‘पेनपॉट’ बघा. काम बरंचसं तसंच, आणि आराखडा सीएसएसच्या भाषेत समजून घ्यायला सोपा.

फोटोशॉपला पैसे लागतात. फोटो दुरुस्त करायला ते उत्तम आहे, पण पानाचा आराखडा करायचं साधन ते आता राहिलेलं नाही. क्रॅक केलेली प्रत मात्र घेऊ नका. त्यासोबत व्हायरस येतो, आणि पुढे ग्राहकाच्या साइटचे पासवर्ड त्याच मशीनवर असणार आहेत. कुणी पीएसडी (फोटोशॉपची) फाइल पाठवली तर ‘फोटोपी’ नावाच्या साइटवर ती ब्राउझरमध्येच उघडते, फाइल तुमच्या संगणकाबाहेर जात नाही. लोगोसारख्या रेषांच्या कामाला ‘इंकस्केप’ आहे, फोटोंच्या कामाला ‘गिम्प’. दोन्ही पूर्ण मोफत.

जुन्या फोटोशॉपमध्ये मराठी जोडाक्षरं सुटी पडत असतील, तर प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’ विभागात मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई भाषांचं निवडा. नव्या आवृत्त्यांत हा त्रास उरलेला नाही.

कॅनव्हामध्ये वेबसाइट होते ना?

एका पानाची निमंत्रणवजा साइट होते. समाजमाध्यमांवरच्या चित्रांसाठी कॅनव्हा छान आहे. वेब डिझाइन शिकायचं असेल तर ते मदतीचं नाही, कारण पान आत कसं रचलंय हे तिथे कळत नाही.

मराठीसाठी फॉन्ट कोणता, आणि कुठून घ्यायचा?

गूगल फॉन्ट्सवर जाऊन भाषेच्या गाळणीत देवनागरी निवडा. मजकुरासाठी मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ किंवा इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘हिंद’ घ्या. दोन्ही लहान आकारात स्वच्छ वाचता येतात. मथळ्याला त्याच एक टाइपचा ‘बलू’ ठसठशीत दिसतो. लांबलचक लेखांसाठी ‘टिरो देवनागरी मराठी’ जरूर वापरून बघा. त्यात ल आणि श ही अक्षरं आपण शाळेत गिरवली त्या मराठी वळणाची आहेत. याच कुटुंबात हिंदी आणि संस्कृत अशा वेगळ्या आवृत्त्याही आहेत, तेव्हा निवडताना नाव नीट वाचा. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि पानाची भाषा मराठी नोंदली असेल तरच मराठी वळण उमटतं. वर भाषेची नोंद बदलायला सांगितली, तिचा हा दुसरा फायदा.

फॉन्ट ठरवण्यापूर्वी त्यात हे शब्द लिहून बघा: दुसऱ्या, तऱ्हा, वाङ्मय, कर्तृत्व, हृदय, उद्घाटन, श्रद्धा, र्‍हास. दुसऱ्या मधला अर्धा र नीट आला नाही, तर तो फॉन्ट मराठीसाठी सोडून द्या, बाकी कितीही देखणा असो. हिंदीत हे अक्षर लागत नसल्यामुळे हिंदी नमुने बघून फॉन्ट निवडला की ही उणीव साइट पूर्ण झाल्यावर उघडी पडते.

इंग्रजी पानांच्या सवयींतल्या तीन गोष्टी देवनागरीत टाळा. पहिली, लेटर-स्पेसिंग. मथळ्याची अक्षरं लांब लांब ठेवायची फॅशन इंग्रजीत शोभते. मराठीत त्यामुळे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडलेले दिसतात. लोकांच्या तयार थीममध्ये (पानाच्या साच्यात) हे सीएसएस लपलेलं असतं, ते शोधून शून्य करा. दुसरी, तिरकी अक्षरं. बहुतेक देवनागरी फॉन्टांना खास तिरका अवतार नसतो, ब्राउझर सरळ अक्षरंच ढकलून तिरकी करतो. जोर द्यायचा तर ठळक करा. तिसरी, ओळींमधलं अंतर. इंग्रजीत दीडपट पुरतं, पण आपल्याकडे वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतात, मी १.७ पासून सुरुवात करतो. मजकुराचा आकारही १८ पिक्सेलच्या खाली नको.

फॉन्टची वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाडीचे प्रकार, दोनच घ्या, साधं आणि ठळक. देवनागरी फॉन्टच्या फाइली जोडाक्षरांमुळे रोमनपेक्षा जड असतात आणि प्रत्येक वजनाची बहुधा वेगळी फाइल उतरवावी लागते.

आराखड्यात नुसती जागा भरायला वापरतात तो खोटा लॅटिन मजकूर भरू नका. पहिल्या दिवसापासून खरा मराठी मजकूर घाला. मराठी शब्दांना रुंदीपेक्षा उंची जास्त लागते, आणि बटणावर वेलांटीचा शेंडा कापला जातोय हे लॅटिन मजकुरात कधीच दिसणार नाही.

संस्थेने दिलेला मजकूर पेस्ट केला की भलतीच अक्षरं येतात. का?

कारण तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, टाइप केलेला नाही. महाराष्ट्रात स्मरणिका, पत्रिका, अहवाल यांचं डीटीपी (छपाईसाठी संगणकावर केलेली मांडणी) वर्षानुवर्षं श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींवर होत आलं. त्यांच्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. छापायला ते उत्तम चालतं. पण फॉन्ट काढून घेतला की खाली नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं उरतात. गूगललाही तीच दिसतात, म्हणून अशी साइट मराठीत शोधून सापडत नाही.

यावर उपाय म्हणजे त्या फॉन्टचं नाव विचारून घ्या आणि त्यासाठीचा युनिकोड परिवर्तक वापरा. रूपांतरानंतर ओळ न् ओळ वाचून काढा. रफार, र्‍हस्व वेलांटी आणि अर्धा र इथे हमखास चुका होतात. मजकूर थोडा असेल तर पुन्हा टाइप केलेला बरा. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात.

फोटोंमुळे पान हळू उघडतं. काय वापरावं?

गूगलच्या क्रोम चमूने केलेलं ‘स्क्वूश’. ब्राउझरमध्ये उघडतं, फोटो कुठल्याही सर्व्हरवर जात नाही. मोबाइलने काढलेला फोटो साधारण चार हजार पिक्सेल रुंद आणि काही एमबींचा असतो. पानावर त्याची जागा जेमतेम आठशे पिक्सेलची. स्क्वूशमध्ये रुंदी सोळाशे करा, प्रकार वेबपी निवडा, दर्जा ७५ च्या आसपास ठेवा आणि मधली दांडी सरकवत मूळ आणि नवीन फोटो शेजारी शेजारी बघा. बहुतेक वेळा फरक दिसत नाही आणि फाइल दोन-तीनशे केबीत बसते.

गूगल इमेजेसवर सापडलेला फोटो उचलू नका. अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे इथे मोफत वापराचे फोटो मिळतात. किल्ले, मंदिरं, गावं यांच्यासाठी विकिमीडिया कॉमन्स जास्त उपयोगी पडतं. तिथे प्रत्येक फोटोखाली परवाना आणि छायाचित्रकाराचा उल्लेख कसा करायचा ते लिहिलेलं असतं, तसा करा.

रंगसंगतीसाठी काही आहे का?

‘कूलर्स’वर स्पेसबार दाबत राहा, पाच-पाच रंगांचे संच येत राहतात. पण रंग जुळण्याआधी अक्षरं वाचता यायला हवीत. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी विरोध (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या मथळ्याचा ३ ला १. हे प्रमाण ‘वेबएम’ या साइटवरच्या तपासनीसात कळतं, क्रोमच्या इन्स्पेक्टमध्ये रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं तरी दिसतं. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं छान दिसतात असं डिझायनरला वाटतं, वयस्कर वाचकाला ती दिसतच नाहीत.

वर्डप्रेस आधी शिकावं का?

आधी नको. २००३ पासूनचं हे सॉफ्टवेअर जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक साइट्स चालवतं, त्यामुळे काम मिळवायला ते लागेलच. पण एचटीएमएल-सीएसएसची दोन-चार पानं हाताने केल्यावर शिका. तसं केलं नाही, तर थीममधली एक रेघ हलवायला तुम्हाला प्रत्येक वेळी नवं प्लगिन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) शोधावं लागेल.

एआयला सांगितलं की पान तयार होतं. मग हे सगळं कशाला?

एआयचा वापर करा, विशेषतः समजून घेण्यासाठी. ‘या ओळीमुळे डबा उजवीकडे का गेला’ असा प्रश्न रात्री अकरा वाजता विचारायला पूर्वी कुणीच नसे. मात्र त्याने दिलेलं पान जसंच्या तसं चढवू नका. मोबाइलच्या रुंदीत बघा, भाषेची नोंद बघा, मराठी मजकूर वाचा. मग वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी संस्थेच्या व्हॅलिडेटरमध्ये घाला; कुठला टॅग बंद करायचा राहिलाय ते ओळीच्या क्रमांकासह समजतं. वेग आणि सुलभता तपासायला क्रोममधलंच ‘लाइटहाउस’ चालवा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हे गूगलचं माप लक्षात ठेवा.

पान नेटवर कुठे ठेवायचं?

नेटलिफाय या साइटवर फोल्डर ओढून टाकलं की काही क्षणांत पत्ता मिळतो. थोडं शिकून गिटहब पेजेस वापरलंत तर कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटची सवयही लागते. नोकरीसाठी ती उपयोगी. ग्राहकाकडे आधीच सीपॅनेलचं होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) असेल तर फाइली चढवायला ‘फाइलझिला’ लागेल.

माझ्या संगणकावर फोटो दिसतात, चढवल्यावर गायब होतात. का?

फाइलींची नावं तपासा. विंडोज मोठी-लहान इंग्रजी लिपी एकच मानतं. सर्व्हर बहुधा लिनक्सचा असतो आणि तो दोन्ही वेगळी धरतो. कॅमेऱ्याने फोटोच्या नावाला मोठ्या अक्षरांतलं जेपीजी लावलंय आणि कोडमध्ये तुम्ही लहान लिहिलंय, तर फोटो सापडणार नाही. सगळी नावं लहान रोमन अक्षरांत, जागा न सोडता, मध्ये आडवी रेघ देऊन ठेवा. फाइलचं नाव मराठीत दिलं तर चालतं, पण पत्ता कॉपी करून पाठवल्यावर त्याची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली लांबलचक माळ होते.

जुन्या लेखांत ब्रॅकेट्स, अ‍ॅटम, फ्लॅश ही नावं येतात. ती घ्यावीत का?

नाही. अडोबीने ब्रॅकेट्सचं काम २०२१ मध्ये थांबवलं, गिटहबने अ‍ॅटम २०२२ च्या डिसेंबरमध्ये बंद केलं, फ्लॅश तर २०२० अखेर संपलं. ड्रीमवीव्हर अजून विकत मिळतं, पण शिकण्यासाठी त्यावर पैसे घालू नका.

मराठीतून शिकायला काही आहे?

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात इंकस्केप, गिम्प यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे मोफत धडे आहेत, त्यांतले बरेच मराठी निवेदनासह. एचटीएमएल-सीएसएसच्या अचूक माहितीसाठी मात्र मोझिलाच्या एमडीएनला पर्याय नाही. ते इंग्रजीत आहे, तरी बऱ्याच पानांवर उदाहरण चालवून बघता येतं. एखादी नवी सीएसएस सोय जुन्या फोनवर चालेल का, हे ‘कॅन आय यूज’वर बघा.

पहिलं काम मिळालंय, ओळखीच्यांच्या दुकानाची साइट. सुपूर्द करताना काय द्यायचं?

सर्वांत आधी डोमेन (साइटचा पत्ता) दुकानदाराच्या स्वतःच्या नावावर, त्याच्या ईमेलवर घ्या. डिझायनरच्या खात्यावर घेतलेलं डोमेन पुढे संपर्क तुटला की अडकून पडतं, आणि पाट्यांवर छापलेला पत्ता हातचा जातो. डॉट इन घ्या. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं, ते जोडीला घेतलं तर मराठी पाटीवर शोभेल. नूतनीकरणाची तारीख आणि दर आधीच सांगा. पहिल्या वर्षाच्या सवलतीनंतर रक्कम बहुधा वाढते.

मग फिग्माच्या फाइलचा अधिकार, मूळ फोटो, लोगोची एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न बिघडणारी) फाइल आणि कोडचं झिप द्या. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. ‘बिटवॉर्डन’सारख्या मोफत पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दुकानदाराचं खातं उघडून त्यात भरून द्या. दुकानाची वेळ आणि फोन नंबर कुठे बदलायचा, हे त्याच्याच मोबाइलवर त्याच्या हाताने एकदा करून घ्या.